झुकतं माप

बार्शीच्या आमच्या किराणा दुकानात ‘एक’ हा आकडाच नव्हता. ज्वारी मापायला बसलं की पहिलं माप ओतताना अण्णा म्हणायचे ‘लाभ’, मग दोन, तीन, चार. समोरचं गिऱ्हाईकही त्याच तालात मान हलवायचं. लहानपणी मला वाटायचं, एकाचं खरं नाव लाभच आहे. पहिलीत बाईंनी पाढा म्हणायला उभं केलं तेव्हा मी ‘बे लाभ बे’ म्हणालो होतो, असं आई येईल त्या पाहुण्याला सांगायची. खरंखोटं तीच जाणे.

मापून झालं की अण्णा पोत्यात हात घालून पसाभर ज्वारी वर टाकायचे. तागडीवरचा माल असला, गूळ म्हणा, डाळ म्हणा, तर मालाचं पारडं जरा खाली झुकल्याशिवाय ते उतरवायचे नाहीत. काटा मधोमध आला म्हणजे वजन झालं, एवढं मला कळत होतं. पण अण्णांच्या लेखी बरोब्बर वजन म्हणजे कमी वजन. “झुकतं माप दिलं की माणूस फिरून येतो,” म्हणायचे.

एवढं सगळं बघत वाढलेला मी, ४९व्या वर्षी पुण्यात एका डॉक्टरांसमोर बसलो होतो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा सरासरी अंदाज, ८.४. डॉक्टरांनी विचारलं, “जेवता काय?”

“फार काही नाही. सकाळी दीड भाकरी, भाजी, वाटीभर भात, वाटीभर वरण. रात्रीही तेवढंच.”

“वाटी केवढी?”

मी हाताचा द्रोण करून दाखवला. त्यांनी तो बघितला, लिहिलं काहीच नाही.

घरी येऊन मी मांडणीवरच्या पाच वाट्या काढल्या, त्यात पाणी भरलं आणि मापाच्या पेल्यात ओतून पाहिलं. सगळ्यांत लहान ११० मिलिलिटर, सगळ्यांत मोठी २४०. पाचही ‘वाटी’च. मोठी वाटी माझी. माझ्या पानात तीच येते. का, ते कुणी कधी विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी आहार ठरवून दिला तो कमी कर्बोदकांचा: दिवसाला ९० ग्रॅम. आधी त्यांनी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी निम्मी केली. भात-भाकरी कमी करून गोळी तेवढीच ठेवली तर साखर नको इतकी खाली जाते, हे त्यांनी दोनदा बजावलं, म्हणून मीही इथे सांगून ठेवतो. आमच्या सोसायटीत दिवसातून दोनदाच जेवणारे दीक्षित आणि दर दोन तासांनी खाणारे दिवेकर असे दोन पंथ आधीपासून आहेत आणि लिफ्टमध्ये त्यांची खडाजंगी चालते. माझा हा तिसराच पंथ निघाला. त्याच्यात घड्याळ नाही, काटा आहे.

काटा लेकीनं मागवला. पांढरी काचेची चपटी पाटी, पाच किलोपर्यंत, एका ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारी. अण्णा आता आमच्याकडेच असतात, वय ८६. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, कानाशी नेऊन हलवला.

“दांडी कुठाय?”

“नसते अण्णा. आत एक धातूची पट्टी असते. वजन पडलं की ती जराशी वाकते आणि तेवढ्यावरून आकडा येतो.”

“मग खोटं बोललं तर कळणार कसं?”

प्रश्न दुकानदाराचा होता आणि बिनतोड होता. आमच्या तागडीला एका बाजूला सुतळीनं बांधलेला एक लोखंडी वळसा होता, तो पासंग. रिकामी पारडी समतोल नसली तर हलक्या बाजूला बांधायचा. लोखंडी वजनांच्या पोटात शिसं भरलेलं असायचं आणि त्या शिशावर वजनमापे खात्याचा ठसा. निरीक्षक यायचा त्या दिवशी अण्णा नवा सदरा घालायचे. या काचेच्या पाटीवर ठसाही नव्हता नि पासंगही नव्हता. एक बटण होतं, ते दाबलं की शून्य.

मग आम्ही नाणी काढली. रुपयाचं चिन्ह आलेल्या २०११च्या मालिकेतलं पाचाचं नाणं बरोबर ६ ग्रॅमचं आहे, त्याच मालिकेतलं दहाचं ७.७१. पाचाची दहा नाणी ठेवली, ६० आलं. दहाची दहा ठेवली, ७७. अण्णांना हा प्रकार फार पसंत पडला. “हे तर जुनंच झालं की,” म्हणाले. खरंच आहे. तोळा म्हणजे मुळात चांदीच्या रुपयाचं वजन, ११.६६ ग्रॅम. असे ८० रुपये तागडीत टाकले की शेर, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम. अण्णांनी शेर आणि किलो दोन्ही हाताळलेत. दशमान वजनांचा कायदा १९५६चा. १९५८पासून टप्प्याटप्प्यानं किलोची वजनं आली आणि १९६२ला सगळीकडे सक्ती झाली. अण्णा तेव्हा आजोबांच्या हाताखाली दुकानात बसायला लागले होते. म्हाताऱ्या बायका कितीतरी वर्षं किलो मागायच्या आणि ‘शेर नीट दे रे’ म्हणायच्या, हे ते अजून हसून सांगतात.

पहिला मार बसला तो भाकरीचा.

आमच्या भागात ज्वारी म्हणजे मालदांडी, आणि ज्वारीबद्दल वाकडं बोलणाऱ्याला आम्ही जेवायला बोलवत नाही. साखर झाली म्हटल्यावर ओळखीतल्या निम्म्या लोकांनी एकच सल्ला दिला होता, पोळी सोड आणि भाकरी खा. मी आनंदानं खात होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत, ५२८ पदार्थांचे. त्यात १०० ग्रॅममागे कर्बोदकं (तंतू वगळून) अशी दिसतात: तांदूळ ७८.२, ज्वारी ६७.७, गव्हाचं पीठ ६४.२, बाजरी ६१.८. मी तो तक्ता तीनदा वाचला. ज्वारी गव्हाच्या वर होती. भाकरीचे इतर गुण असतील, आहेतच, पण कर्बोदकांच्या हिशेबात ती पोळीची गरीब बहीण नव्हे.

आणि खरी गोम टक्क्यात नव्हतीच. बायको एका भाकरीला पीठ घेते त्याचं मी वजन केलं: ९५ ग्रॅम. पोळीचं पीठ ३० ग्रॅम भरलं. म्हणजे एका भाकरीत ६४ ग्रॅम कर्बोदकं, एका पोळीत १९. एक भाकरी म्हणजे तीन पोळ्या आणि वर एक घास. मी सकाळी दीड आणि रात्री दीड भाकरी ‘पथ्याची’ म्हणून खात होतो. तीन भाकऱ्यांचे १९२ ग्रॅम. डॉक्टरांनी दिलेल्या दिवसाच्या कोट्याच्या दुप्पट, आणि त्यात भात धरलेला नाही.

ही म्हणाली, “मी तुम्हाला कधी म्हटलं होतं का की भाकरी लहान आहे म्हणून?”

नव्हतं म्हटलं. भाकरी ताटाएवढी होती आणि ताट माझ्यासमोरच होतं. पण ‘दीड’ हा आकडा इतका गरीब दिसतो की त्याच्या मागचं पीठ दिसत नाही. इंडिॲब या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशभरातल्या पाहणीत आपल्या लोकांच्या आहारातली साधारण ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं निघालं, तेव्हा वर्तमानपत्रातल्या बातमीखाली पोळी, भात, साखर यांची चित्रं होती. भाकरीचं चित्र नव्हतं. कुणाच्या मनातच येत नाही.

आता भाकरी ४० ग्रॅमची असते. दिसायला पापडासारखी पातळ. थापताना ती फाटते म्हणून हिनं पहिला आठवडा वैताग केला, मग उकळत्या पाण्यात उकड काढून ती जमवली. मीठ चिमूटभर पडतं, ते मात्र कुणी मोजत नाही.

वजन करायचं म्हणजे नेमकं कशाचं, हे कळायलाच मला पंधरा दिवस लागले. सुरुवातीला मी ताटात आलेला पदार्थ तोलत होतो. भाकरी भाजून आली की काट्यावर. एके दिवशी तेवढ्याच पिठाची भाकरी ६८ भरली, दुसऱ्या दिवशी ६१. तवा जास्त तापला की पाणी जास्त उडतं, एवढंच. पाण्याला कर्बोदकं नसतात, पण वजन असतं. म्हणून पीठ तोलायचं, कोरडं. तांदूळही कच्चा. आमच्या कुकरला १०० ग्रॅम तांदळाचा भात २९० ग्रॅमच्या आसपास होतो, म्हणजे शिजलेल्या १०० ग्रॅम भातात कर्बोदकं २७ धरायची. तेच जर कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावला तर माणूस तिप्पट घाबरतो, आणि शिजलेल्याचा कच्च्याला लावला तर तिप्पट खातो. मी दुसरी चूक केली होती, हे वेगळं सांगायला नकोच.

वरणाचं काय करायचं? डाळ सगळ्यांची एकत्र शिजते. रोज पाणी निराळं. पाहुणा आला की वरणात तांब्याभर पाणी, ही तर आपली रीतच. त्यावर उपाय सापडला तो असा: कोरडी डाळ आधी तोलायची, मग भरलेलं पातेलं तोलायचं आणि त्यातून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं. १२० ग्रॅम डाळीचं ९०० ग्रॅम वरण झालं आणि मी १५० घेतलं, तर डाळ माझ्याकडे आली २० ग्रॅम. पण भरलेलं पातेलं गॅसवर असताना रिकामं पातेलं आणायचं कुठून? म्हणून एका रविवारी मी घरातली सगळी भांडी काढून त्यांची वजनं घेतली.

आपल्याकडच्या भांड्यांवर नावं असतात. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, तारखेसकट टोचलेलं. आईच्या रुखवतातलं एक पितळी पातेलं आहे, त्याच्या काठावर ‘मामाकडून भेट १९६८’. कल्हई आता आम्ही करत नाही, म्हणून ते माळ्यावरच असतं, पण मी त्याचंही वजन केलं. १ किलो ३४० ग्रॅम. वापरातल्या स्टीलच्या भांड्यांवर मार्करनं लिहिलं तर चार घासण्यांत पुसलं गेलं. मग मंडईच्या मागे एक नाव टाकून देणारा बसतो त्याच्याकडे सहा पातेली घेऊन गेलो. त्यानं विचारलं, “नाव काय टाकू?” मी म्हटलं, “४१२.” त्यानं वर बघितलं. “आणि याच्यावर ३८५.” सहाही भांडी टोचून होईपर्यंत त्यानं एक अक्षर विचारलं नाही. पैसे घेताना फक्त म्हणाला, “हरवली तर ओळखू येतील.”

शेंगदाण्यांची गोष्ट मात्र मला सांगायला लाज वाटते. सोलापूर जिल्ह्यातला माणूस, शेंगाचटणी रक्तातच. कमी कर्बोदकांच्या यादीत शेंगदाणे चालतात असं वाचलं तेव्हा मला शासनानं कर्ज माफ केल्यासारखं वाटलं. येता-जाता एक मूठ. चहाबरोबर मूठ, बातम्या बघताना मूठ. साखर बरीच उतरली, पण पोट होतं तिथेच. महिन्यानं शहाणपण सुचलं आणि माझी मूठ काट्यावर उघडली. ३६ ग्रॅम. दिवसाला चार मुठी धरल्या तर १४४ ग्रॅम, म्हणजे साडेसातशे-आठशे कॅलरी. एवढ्यात एका माणसाचं जेवण होतं. मी माझ्या जेवणाव्यतिरिक्त आणखी एक जेवण रोज उभ्या-उभ्या जेवत होतो.

चहाही त्याच जातीचा. साखर बंद केली म्हणून मी मिरवत होतो. पण पाच कप, दर कपात ६० मिलिलिटर दूध. दुधात १०० मिलिलिटरला पाचेक ग्रॅम दुग्धशर्करा असते. बिनसाखरेच्या चहातून रोज १५ ग्रॅम शर्करा पोटात. ९०मधले १५. यावर मी काही केलं का? पाचाचे तीन कप केले. तिसऱ्याच्या खाली जायला मी तयार नाही.

याच सुमारास मी एक वही केली. दोन रकाने: ‘अंदाज’ आणि ‘काटा’. पानात घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचं वजन आधी मनानं ठरवायचं, लिहायचं, मग तोलायचं. तीन महिने केलं. अजून कधी चाळायला घेतली की करमणूक होते. कोबीची भाजी: अंदाज २००, काटा १३०. काकडी: अंदाज १५०, काटा १०५. मेथी: अंदाज १५०, काटा ९०. आता दुसरी पानं. भात: अंदाज १००, काटा १६५. शेंगदाणे: अंदाज २०, काटा ३६. आमरस (एकदाच, मे महिन्यात): अंदाज १००, काटा १९०. अंदाज चुकायचा त्याचं नवल नाही. कुणाचाही चुकतो. पण तो दोन्हीकडे सारखा चुकायला हवा होता ना, कधी जास्त, कधी कमी? माझा अंदाज नावडत्या गोष्टीला फुगवत होता आणि आवडत्या गोष्टीला दाबत होता, आणि तेही न चुकता. कोबी १३० असताना मला २०० वाटत होता, कारण मला तो संपवायचा कंटाळा होता.

अण्णांना मी वही दाखवली. चष्मा लावून त्यांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, “तू स्वतःलाच गिऱ्हाईक केलंस की रे. भाताला झुकतं माप, कोबीला मारलेली दांडी.”

दांडी मारणं हे आमच्याकडे शिवीच्या जवळ जाणारं आहे. शाळेला मारतात ती दांडी निराळी. दुकानात दांडी मारणं म्हणजे करंगळीनं दांडीला हलकासा दाब द्यायचा, माल कमी असून पारडं खाली जातं. ते करणारे दुकानदार कोण, हे सगळ्या पेठेला माहीत असायचं. मी मात्र कोणाला माहीत नव्हतो. मलाही नव्हतो.

हे यंत्र वापरताना आणखी काही गमती कळल्या, त्या कुठल्या पत्रकावर छापलेल्या नव्हत्या. परातीत पीठ मळत बसलं की तेवढ्यात काटा आपला आपण बंद होतो आणि मघाचं शून्य विसरतो. गरम कढई थेट ठेवली तर आकडा नाचत राहतो. सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे तीळ. रिकाम्या वाटीत मी चिमटी-चिमटीनं तीळ टाकत होतो, हळूहळू, आणि आकडा शून्यावरून हलेना. चांगले दोन चमचे तीळ पडले तरी शून्य. मग कळलं की शून्याच्या आसपास बारीक-सारीक फरक आला तर काटा तो स्वतःचाच चळ समजतो आणि पुन्हा शून्य धरून बसतो. एकदम टाकलं तर मोजतो. हळूहळू टाकलं तर मोजत नाही. (शेंगदाण्यांच्या मुठी माझ्या शरीरात अशाच गेल्या होत्या, पण तिथे मोजणारं मोजत होतं.)

त्यावर तोड निघाली ती उलटी. बरणीच काट्यावर ठेवायची, बटण दाबून शून्य करायचं आणि मग बरणीतून काढायचं. चमचाभर तीळ काढले की काटा दाखवतो उणे ८. अण्णांना हे उणे फार आवडलं. “उधारीची वही आहे ही,” म्हणाले. तेव्हापासून घरात कुणी बरणीत हात घातला की ते खोलीतून ओरडतात, “मांडून ठेवा!”

लोकांचं मात्र वेगळंच. आपल्याकडे जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत म्हणतात. वाढणं हा शब्दच बघा, पानात वाढतात आणि पोरंही वाढतात. त्यात आकडा आला की काहीतरी अशुभ झाल्यासारखं वाटतं. माझी आत्या आली होती. ताटाआधी काटा बघून तिनं कपाळाला हात लावला. “अन्नाला तागडी लावतोस? सोनं आहे का ते?” मी तिला समजावत बसलो नाही. तिच्यासमोर काटा काढणं तेवढं बंद केलं. पंक्तीत तर प्रश्नच नाही. भाच्याच्या लग्नात बार्शीला वाढपी जिलबीचं ताट घेऊन तीनदा आला, तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर व्याही आले. आग्रहाला ग्रॅम लागत नाहीत. तिथे तीन महिन्यांची वही कामाला आली. वरण-भाताचा ढीग बघून मी मनात १४० म्हटलं आणि त्यातला अर्धा बाजूला सारला. अंदाज आता दहा-पंधरा ग्रॅमच्या आत येतो. एकादशीला मात्र अजून फसतो. ६० ग्रॅम साबुदाण्यात ५२ ग्रॅम कर्बोदकं, हे पाठ असूनसुद्धा खिचडीच्या वासानं पाठांतर जातं. एकादशी अन् दुप्पट खाशी हे ज्यानं म्हटलं तो आमच्याच घरचा असावा.

मध्ये एकदा या सगळ्याचा उबग आला होता. प्रत्येक टोमॅटो तोलायचा म्हणजे काय जगणं आहे, असं वाटून काटा आठ दिवस कपाटात टाकला. तेव्हा कुठेतरी एलिझाबेथ ह्यूजबद्दल वाचलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी. १९१९ साली, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला; पोरांना होणारा, इन्सुलिनच न बनणारा, आणि तेव्हा इन्सुलिन नव्हतं. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या उपचारात एकच शस्त्र होतं, उपासमार. दिवसाला हजार कॅलरींच्याही आत, प्रत्येक घास ग्रॅममध्ये तोललेला. भाज्या तीन-तीन पाणी बदलून उकळायच्या, त्यातली उरलीसुरली कर्बोदकं निघून जावीत म्हणून. अशा आहारावर तिनं तीन वर्षं काढली. १९२२च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगकडे नेलं तेव्हा पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या त्या मुलीचं वजन २० किलोच्या आसपास होतं. इन्सुलिन मिळालं आणि ती पुढे १९८१पर्यंत, वयाच्या ७३व्या वर्षापर्यंत जगली. त्या तीन वर्षांत तिला इन्सुलिनपर्यंत पोचवलं ते तागडीनं. माझ्या आजाराची जात वेगळी, माझ्यापुढचं ताट भरलेलं. मी कपाटातून काटा काढला आणि टोमॅटो तोलला. ८२ ग्रॅम. कर्बोदकं जेमतेम तीन. टोमॅटो तोलणं त्या दिवसापासून सोडून दिलं.

ते सोडायला अण्णांनीही मदत केली. मी तक्त्यातला ६७.६८ हा आकडा घेऊन ४० ग्रॅम पिठाला गुणत बसलो होतो, २७.०७२ असं उत्तर लिहीत. त्यांनी विचारलं, “ही ज्वारी मंगळवेढ्याची धरलीय का बार्शीची? यंदाची का गेल्या सालची?” तक्ता ठिकठिकाणचे नमुने गोळा करून काढलेली सरासरी सांगतो, माझ्या डब्यातल्या पिठाला कुणी विचारलेलं नाही. आणि तेवढ्याच भाकरीनं माझी साखर दोन तासांनी एके दिवशी १४८ येते, एके दिवशी १६५. झोप झाली नसेल तर त्याहून वर. “सोनाराच्या काट्यावर जळण मोजायचं नाही,” अण्णा म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: भाकरी, भात, डाळ, दाणे, फळ, दूध हे काट्यावर, पालेभाजी, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर मोकळे. दशांश चिन्हाच्या पुढचं सगळं खोडलं.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ आलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “जेवता काय?” मी वही पुढे केली. या वेळी त्यांनी लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी अण्णा खुशीत होते. मी त्यांना एक विचारायचं राहून गेलेलं विचारलं. दुकान २००४मध्ये बंद झालं. इतकी वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला पसाभर, मूठभर वर टाकलं. त्याचा हिशेब कधी केला होता का? केवढं धान्य फुकट गेलं असेल?

अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, जसे परीक्षेत नापास झालो तेव्हा बघितले होते.

“फुकट? आरं, ते भावातच धरलेलं असायचं. किलोमागं दोन तोळे वर जाणार म्हणून भाव तेवढा चढा लावायचा. फुकट कोण देतंय?”

“म्हणजे लोकांना फसवलंत?”

“फसवलं कसं? त्यांना हवं ते मिळालं. झुकतं माप बघायला मिळालं.”

मी गप्प बसलो. चाळीस वर्षं मी ज्या गोष्टीचा अभिमान लोकांना सांगत होतो, ती पावतीत आधीच लावलेली होती. आणि माझ्या भाताच्या ६५ ग्रॅम झुकत्या मापाचा भाव कोणत्या पावतीत लागला, ते तर फाइलमध्ये होतंच, ८.४ म्हणून.

नंतर ते स्वतःच उठले, ओट्याशी गेले. रोज या वेळेला माझे दाणे असतात, भाजलेले, ३० ग्रॅम. त्यांनी वाटी काट्यावर ठेवली, बटण दाबलं आणि बरणी तिरकी केली. हात आता थरथरतो, पण १८, २४, २८ करत दाणे ३०वर येऊन थांबले, एका दाण्याचाही फरक नाही. मग त्यांनी बरणीतून दोन दाणे काढले आणि वाटीत टाकले. आकडा ३१ झाला.

“हे भावात धरलेले नाहीत,” म्हणाले, आणि बरणीचं झाकण लावायला लागले.